माळ पडद्यावर आला, राज्य मागे राहिले

व्ही. शांताराम यांच्या ‘दो आँखें बारह हाथ’मधल्या सहा खुनी कैद्यांना जेलर आदिनाथ उघड्या माळावर आणून सोडतो. भिंत नाही, कुलूप नाही. पळायला चारही दिशा मोकळ्या. चित्रपटाचा सारा ताण या मोकळेपणात आहे. तुरुंगाचा सेट कितीही भक्कम उभारला असता, तरी त्याला हे साधले नसते.

हा माळ कल्पनेतला नव्हता. औंध संस्थानाने १९३९ मध्ये आटपाडीजवळ स्वतंत्रपूरची खुली कैदी वसाहत वसवली. कथाकार ग. दि. माडगूळकर त्याच मुलखातले. १९५७ च्या या चित्रपटाला पुढच्या वर्षी बर्लिनला रौप्य अस्वल मिळाले.

पण शांतारामांनी माळ घेतला आणि राज्य मागे ठेवले. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधींनी १९३९ मध्येच आपली सत्ता रयतेच्या हाती दिली होती. त्यासाठीच्या राज्यघटनेमागे गांधीजींचा सल्ला होता आणि मॉरिस फ्रिडमन या पोलिश इंजिनिअरची खटपट. खुल्या तुरुंगाची कल्पनाही फ्रिडमन यांचीच. शेतकऱ्यावर कारभार सोपवणारे राज्य कैद्यावरही भरवसा टाकते, हा धागा चित्रपटात तुटला. आदिनाथ एकटाच संत उरला आणि संघर्ष भाजीबाजारातल्या गुंडांशी. चित्रपट म्हणून तो उभा राहतो, यात वाद नाही. राजकारण मात्र हरवले.

व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘बनगरवाडी’ची गोष्ट वेगळी. तीही औंधच्याच मुलखातली. अमोल पालेकरांनी तिच्यावर चित्रपट केला. या कथेत राजेसाहेब धनगरांच्या वाडीत तालमीसाठी येतात, गाव हरखून जाते. मग दुष्काळ पडतो आणि वाडी उठते. चांगल्या राजालाही पाऊस पाडता येत नाही, हे सांगायला भाषण लागत नाही. वाळलेले रान पुरते.

खरा राजकीय चित्रपट अजून याच मुलखात पडून आहे. औंधची ७२ गावे सलग नव्हती. मध्येमध्ये इंग्रजी हद्द. क्रांतिसिंह नाना पाटलांच्या इंग्रजांविरुद्धच्या पत्री सरकारचे कुंडल औंधच्या हद्दीत, तर १९४३ मध्ये पे-ट्रेन लुटली ती शेणोली इंग्रजी साताऱ्यात. हा चित्रपट बंदुकीपेक्षा हद्दीच्या दगडावर उभा राहील. उसाच्या फडातून जाणारी पायवाट कोणत्या राज्यात संपते, हे प्रेक्षकाला कळले, की तिच्यावरून चालणाऱ्या माणसाची भीती वेगळी दाखवावी लागणार नाही.

जागा शोधायला येणारा दिग्दर्शक बहुधा आधी यमाईच्या डोंगरावर चढेल. तिथे संग्रहालय आहे, खाली देखणे औंध दिसते. स्वतंत्रपूरला देखणे काही नाही. तिथे कैदी बायकापोरांसह राहतात आणि शेती करतात.