कॉम्प्युटर कशाची वाट बघतो?

आपल्या शहादा तालुक्याचं नाव कॉम्प्युटरच्या जगात एकदा तरी देशभर गाजलं आहे. २९ सप्टेंबर २०१० रोजी देशातलं पहिलं आधार कार्ड दिलं गेलं ते आपल्याच टेंभली गावात. पुढे गावोगावी लॅपटॉप, बोटांचे ठसे घेणारं मशीन, डोळ्यांचा स्कॅनर, कॅमेरा, प्रिंटर असा सगळा संसार पोचला. आज उत्पन्नाचा दाखला काढायचा असो की आपला स्कॉलरशिपचा फॉर्म, समोर एक कॉम्प्युटर आणि त्याला लटकलेली दोन-चार उपकरणं असतातच. पावसाळ्यात लाइट गेली की हे सगळं पुन्हा पहिल्यापासून सुरू करा! मंदाणे, म्हसावदकडून रोज बुडवून आलेला माणूस तोवर पडद्यावर फिरणारं चक्र बघत बसतो.

यावर हॉस्टेलमध्ये एकच ठरलेलं उत्तर आहे, "भो, मशीन जुनं झालं, एसएसडी टाक!" एसएसडीने फरक पडतो, नाही कोण म्हणतं? पण इंजिनिअरिंगवाल्याने आधी विचारायला हवं की मशीन नेमकं कशाची वाट बघतंय.

बटण दाबल्यावर आधी बायॉस मेमरी, कीबोर्ड, डिस्क तपासतो. मग ऑपरेटिंग सिस्टिमचा कर्नल येतो आणि त्याचे ड्रायव्हर एकेका उपकरणाला हाक मारून तयार करतात. हेच हार्डवेअर इनिशियलायझेशन. (मराठीत 'प्रारंभीकरण' म्हणतात म्हणे. माझ्यासारख्या कॉन्व्हेंटवाल्याला तो शब्द वाचेपर्यंत मशीन सुरू होईल!) गंमत म्हणजे या काळात प्रोसेसर बऱ्याचदा रिकामा बसलेला असतो. हार्ड डिस्कच्या तबकडीला वेग घ्यायला काही सेकंद लागतात. यूएसबीला काही जोडलेलं दिसलं, तर जोड पक्की आहे का हे बघायला नियमानेच १०० मिलिसेकंद थांबावं लागतं. हे थांबणं रास्त आहे. पण बायॉसच्या यादीत 'नेटवर्कवरून बूट' सगळ्यात वर राहिलं असेल, तर मशीन दर वेळी आधी नेटवर्कवर सर्व्हर शोधत बसतं, आणि तो सर्व्हर तर नसतोच! न येणाऱ्या पाहुण्यासाठी पंगत खोळंबून ठेवायची, तसला प्रकार.

आमच्या विंगमधल्या एकाचं उदाहरण घ्या. दुसरं लिनक्स टाकताना त्याचं स्वॅप पार्टिशन पुन्हा फॉरमॅट झालं आणि त्याचा ओळख क्रमांक बदलला. पहिल्या लिनक्सच्या एफएसटॅब फाइलीत मात्र जुनाच क्रमांक राहिला. तेव्हापासून ते लिनक्स रोज त्या नसलेल्या पार्टिशनची दीड मिनिट वाट बघायचं, कारण सिस्टिमडीची नेहमीची मुदतच ९० सेकंदांची आहे. पठ्ठ्या एसएसडीचे भाव काढत फिरत होता. एक ओळ बदलली, दीड मिनिट वाचलं. खर्च शून्य.

दुसरी भानगड रांगेची. लिनक्समध्ये पूर्वी बहुतेक ड्रायव्हर एकामागून एक सुरू व्हायचे, म्हणजे एक अडला की मागचे सगळे अडले. सप्टेंबर २००८ मध्ये लिनक्स प्लंबर्स कॉन्फरन्समध्ये इंटेलच्या आर्यान फान दे फेन आणि औके कॉक यांनी आसुसचा छोटासा ईईई पीसी पाच सेकंदांत सुरू करून दाखवला. त्यात हार्ड डिस्कऐवजी फ्लॅश मेमरी होती, हे खरं. पण मला भावली ती त्यांची पद्धत. त्यांनी आधी बजेट ठरवलं: कर्नलला एक सेकंद, सुरुवातीच्या कामांना एक, ग्राफिक्सला एक, डेस्कटॉपला दोन. मग ज्याने जास्त वेळ घेतला त्याला जाब विचारला. २००९ मध्ये कर्नलमध्ये अशी सोय आली की उपकरणं एकाच वेळी शोधता येतील. यातही मेख आहे. दोन डिस्क एकदम शोधायला सोडल्या तर आजची पहिली उद्या दुसरी व्हायची. म्हणून शोधणं एकत्र, पण नोंदणी ठरलेल्या क्रमानेच.

विंडोजवाले म्हणतील, आमच्याकडे २०१२ च्या विंडोज ८ पासून फास्ट स्टार्टअप आहे. आहे की! शटडाउनच्या वेळी कर्नल आणि ड्रायव्हरची स्थिती डिस्कवर लिहून ठेवायची, पुढच्या वेळी तीच उचलायची. पण लाइट अचानक गेली तर शटडाउन झालंच कुठे? ज्याच्याकडे लाइट जात नाही त्यालाच ही सोय जास्त कामाची.

एका मिनिटाने काय बिघडतं? हॉस्टेलवर काहीच नाही, तेवढ्यात आपला चहा होतो. पण खिडकीसमोर तीस माणसं असली की ते मिनिट तीस जणांचं होतं. आणि संध्याकाळी खिडकी बंद झाल्यावर जे दोघं-तिघं उरतात, ते एसटीचं भाडं भरून उद्या परत येतात.

आपण मात्र मेजर प्रोजेक्टला तीच अटेंडन्स सिस्टिम, तेच लायब्ररी मॅनेजमेंट, तेही सीनियरच्या पेनड्राइव्हमधून! त्यापेक्षा एका ग्रुपने एखाद्या केंद्रचालकाची परवानगी घेऊन बटण दाबल्यापासून पहिला दाखला छापेपर्यंतचा वेळ स्टॉपवॉचने मोजावा. मग एकेक उपकरण काढून पुन्हा मोजावा. विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये स्टार्टअपच्या पानावर बऱ्याच मशीनना 'लास्ट बायॉस टाइम' दिसतो. लिनक्स असेल तर 'सिस्टिमडी-ॲनालाइझ' आहेच. त्यात नुसत्या 'ब्लेम'च्या यादीवर जाऊ नका, 'क्रिटिकल-चेन' बघा, कारण जास्त वेळ घेणारा प्रत्येक जण दुसऱ्याला अडवतोच असं नाही. परवानगीशिवाय कुणाच्या बायॉसला हात लावू नका, हे सांगायला नकोच. आलेल्या आकड्यांसाठी संपादक मंडळाने पुढच्या अंकात एक पान राखून ठेवावं.