वाघदेवाच्या नावावर

वाघबारशीला आमच्या हरसूलकडं वाघदेवाला शेंदूर लागतो. गुराखी पोरं घरोघर फिरून तांदूळ मागतात, रानातच खीर शिजते. बिबट्यानं शेळी नेली, तर आजा म्हणायचा, "त्याचा वाटा गेला." शहरातली मंडळी हे ऐकून खूश होतात, 'सहजीवन' म्हणतात. अहो, आजा शेळीपुरतं बोलला होता, नातवंडापुरतं नाही!

पिंजरा लावा असंही आम्ही म्हणत नाही. जुन्नरकडं २००१ ते २००३मध्ये बिबटे धरधरून दुसऱ्या रानात सोडले, तर माणसांवरचे हल्ले उलट वाढले. विद्या अत्रेय यांच्या अभ्यासात ते आलंय. बिबट्या राहू दे. पण अंगणात दिवा, घराशी संडास, शेळीची भरपाई वेळेवर, हे कोण देणार? वाघदेव?