विचारणारा कोणी हवा

धामणकर नाक्याच्या उड्डाणपुलाजवळ लूमच्या पाळीवरून सुटलेला एक मुलगा आम्हाला भेटला. नववीत शाळा सुटलेली, आता सतरा नंबरचा फॉर्म भरून दहावी द्यायची होती. मोबाइलवरच्या कुणा लाइफ कोचला त्याने पगारातले पैसे दिले होते. रोज जोशाचे व्हिडिओ येत. "पण सर, मी अभ्यास केला का, हे कुणी विचारतच नाही," तो म्हणाला.

आम्ही ठरवले, दर जुम्म्याला नमाजनंतर भेटायचे. त्याने आठवड्याचा हिशेब द्यायचा, आम्ही जुनी पुस्तके आणायची. दोन जुम्मे आम्ही पुस्तके विसरलो, हिशेब मात्र नेमाने मागितला. तिसऱ्या जुम्म्याला तो आला नाही. घरी गेलो तर खाली मान घालून म्हणाला, "सर, तुम्हाला कोण विचारणार?"

त्याचे बरोबर होते. आम्ही माफी मागितली आणि दुसऱ्याच दिवशी पुस्तके पोहोचवली.

भिवंडीला हा धडा नवा नाही. 1984 च्या दंगलीने हे शहर होरपळले. पुढे 1988 मध्ये पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी मोहल्ला समित्या उभ्या केल्या. दोन्ही समाजांची साधी माणसे पोलिसांसोबत नियमित बसू लागली. ओळख वाढली, एकमेकांना विचारता येऊ लागले. 1992-93 मध्ये मुंबई पेटली, तेव्हा भिवंडी शांत राहिली. भाषणांनी जे साधले नसते, ते नेमाने बसण्याने साधले.

आपल्या दीनमध्ये मुहासबा आहे. आधी स्वतःचा हिशेब, मग दुसऱ्याचा. म्हणून घरात मुलाला, भावाला, सुनेला मार्ग दाखवताना तीन गोष्टी जपा. काम छोटे आणि मोजता येईल असे ठरवा. भेटीचा दिवस चुकवू नका. आणि त्यांनाही तुम्हाला विचारण्याचा हक्क द्या. चूक कळली तर ती चारचौघांत सांगू नका. कुणाचा ऐब झाकणे हीसुद्धा अमानत आहे. नाहीतर पुढच्या वेळी खरे कोण सांगेल?

मुलाने फॉर्म भरला आहे. बीजगणित अजून कच्चे आहे. गेल्या जुम्म्याला त्यानेच आधी विचारले, "सर, सरावाच्या प्रश्नपत्रिका आणल्या?"

या वेळी आणल्या होत्या, अल्हम्दुलिल्लाह.