बर्गंडीचा शेवट नान्सीत झाला नाही

५ जानेवारी १४७७ रोजी नान्सी शहराबाहेरच्या लढाईत बर्गंडीचा ड्यूक शार्ल मारला गेला आणि त्याच्याबरोबर बर्गंडीही बुडाली, असे आजवर अनेकांनी लिहिले आहे. फ्रान्स आणि जर्मन साम्राज्य यांच्यामध्ये आकाराला येणारे राज्य एका हट्टी माणसाने रणांगणावर घालवले, ही कथा चटका लावणारी आहे खरी. पण राजा म्हणजेच राज्य असे ती धरून चालते आणि तिथेच ती फसते. १३६३ मध्ये फ्रान्सचा राजा दुसरा जाँ याने धाकट्या मुलाला, फिलिपला, ही डची बहाल केली. फिलिपने फ्लँडर्सच्या मार्गारेटशी लग्न केले आणि १३८४ मध्ये सासऱ्याच्या मृत्यूनंतर फ्लँडर्स व आर्त्वा त्याच्या घराण्याकडे आले. तेव्हापासून ड्यूकांची सत्ता घेंट आणि ब्रुज यांसारख्या व्यापारी शहरांच्या पैशावर उभी राहिली आणि तो पैसा बहुधा वाटाघाटी करूनच मिळवावा लागे. पहिल्या फिलिपचा नातू, तिसरा ड्यूक फिलिप, हे पुरते ओळखून होता. ब्राबांट आणि हॉलंड मिळाल्यावर त्याने प्रांतोप्रांतीचे कायदे बहुतांशी तसेच ठेवले, चार प्रमुख प्रांतांत एकच नाणे चालू केले, आणि १४६४ मध्ये ब्रुज येथे नेदरलँड्समधील प्रांतांचे प्रतिनिधी प्रथमच एका सभेत बसले.

या फिलिपनेही शहरांवर तलवार चालवलीच होती, असा आक्षेप कुणी घेईल. तो रास्त आहे. १४५३ मध्ये खाव्हर येथे घेंटचे हजारो लोक मारले गेले आणि त्या रक्तपाताचे समर्थन होऊ शकत नाही. तरीही बंड मोडून झाल्यावर त्याला पुन्हा त्याच शहरांशी बोलणी करावी लागत. त्याचा मुलगा शार्ल याला ही बोलणीच नकोशी झाली. त्याने १४७३ मध्ये मेखेलेन येथे सर्व प्रांतांवर एक वरिष्ठ न्यायालय लादले, कायमची फौज उभारली आणि करांची मागणी वाढवत नेली. मार्च १४७६ मध्ये ग्रँडसन येथे स्विस सैन्याने त्याला हरवले. त्यानंतर घेंटमध्ये भरलेल्या प्रतिनिधी सभेने आणखी मदत द्यायला नकार दिला. नान्सीच्या कित्येक महिने आधीच प्रजेने त्याची साथ सोडली होती.

नान्सीनंतर शार्लची एकोणीस वर्षांची मुलगी मारी हिला सव्वा महिन्यातच प्रांतांना सनद द्यावी लागली. मेखेलेनचे न्यायालय रद्द झाले, सभेला स्वतःहून भरण्याचा हक्क मिळाला आणि सभेच्या संमतीशिवाय युद्ध करायचे नाही असे ठरले. फ्रान्सच्या अकराव्या लुईने मूळ डची गिळली, लीज आणि गेल्डरलँड फुटले, घेंटने तर मारीच्या विनवण्या न जुमानता तिच्या दोन सल्लागारांचा शिरच्छेद केला. मग उरले काय, असे विचारले जाते. उरले ते फ्लँडर्स, ब्राबांट, हेनो आणि हॉलंड. नवख्या राज्यकर्तीला अडचणीत गाठूनही त्यांनी वेगळे होण्याचा मार्ग धरला नाही, आपल्या अटींवर तिच्याच बाजूने ते उभे राहिले. १४७९ मध्ये गिनगाट येथे तिचा पती माक्सिमिलियान याने फ्रेंच सैन्याला रोखले, ते मुख्यतः फ्लँडर्सच्या पायदळाच्या बळावर. पुढे १५८१ मध्ये मारीचा पणतू, स्पेनचा राजा दुसरा फिलिप, याची सत्ता बंडखोर प्रांतांच्या ज्या सभेने झुगारली, ती ब्रुजमध्ये भरलेल्या त्या सभेचीच वारस होती.