माइक बदलण्याआधी खुर्ची हलवा

अकूस्टिक गिटारवर गाणं बसवून ते घरीच रेकॉर्ड करणाऱ्याला एक सल्ला हमखास मिळतो: आधी चांगला कंडेन्सर माइक घे. रेकॉर्डिंग घुमलं, खर्जात फुगलं, की दोष माइकच्या माथी मारला जातो. मग महागडा माइक येतो आणि तोच घुमार आणखी बारकाव्यानं टिपतो. हा सल्ला नवख्या गायकांचे पैसे आणि उमेद दोन्ही खर्ची घालतो, म्हणून त्याचं खंडन करायलाच हवं.

एक उदाहरण घ्या. अमेरिकी गायक ब्रूस स्प्रिंगस्टीनचा ‘नेब्रास्का’ हा अल्बम १९८२ सालचा. त्यातली गाणी न्यू जर्सीतल्या घरी, टीॲक कंपनीच्या चार ट्रॅकच्या कॅसेट रेकॉर्डरवर ध्वनिमुद्रित झाली. माइक होते दोन शुअर एसएम५७, म्हणजे जगभरच्या रंगमंचांवर आजही दिसणारे साधे डायनॅमिक माइक. पुढे तीच गाणी बँडसह स्टुडिओत करून पाहिली गेली, पण तेव्हा प्रसिद्ध झाली ती कॅसेटच.

यावर प्रतिपक्ष म्हणतो, तो स्प्रिंगस्टीन होता, त्याला काहीही शोभतं. आक्षेप अगदीच पोकळ नाही. त्या कॅसेटवरून तबकडी तयार करताना तंत्रज्ञांची खरोखर दमछाक झाली होती. निकृष्ट साधनाची किंमत मोजावी लागते. पण आज अगदी प्राथमिक ऑडिओ इंटरफेससुद्धा २४ बिटचं ध्वनिमुद्रण करतो. आवाजाची शिखरं उणे १२ डेसिबलच्या आसपास ठेवली तरी कॅसेटसारखी खरखर येत नाही. साधनाची ती अडचण सुटली आहे. उरली आहे ती खोली.

पुण्या-मुंबईच्या फ्लॅटमधली दहा बाय दहाची बेडरूम घ्या. समोरासमोरच्या भिंतींत दहा फूट अंतर असलं की सुमारे ११२ हर्ट्झचा ध्वनी त्यांच्यात अडकून फुगतो. गिटारच्या पाचव्या तारेचा ‘ए’ आहे ११० हर्ट्झचा. खोली चौरस असल्यामुळे भिंतींच्या दोन्ही जोड्या त्याच सुराला बळ देतात. ‘ए’ कॉर्ड वाजवली की रेकॉर्डिंग घुमतं ते यामुळे, आणि वादकाला मात्र वाटतं की आपला हातच जड आहे. हा फुगवटा भिंतींलगत आणि खोलीच्या बरोबर मध्यभागी सर्वांत जास्त असतो, भिंतीपासून साधारण अडीच फुटांवर सर्वांत कमी. म्हणून माइक आणि खुर्ची मध्यावरून हलवून पाहणं हा पहिला उपाय. त्याला पैसे पडत नाहीत.

भिंतीला अंड्यांचे ट्रे चिकटवून हा प्रश्न सुटत नाही. पातळ पुठ्ठा खर्जाला अडवत नाही, फार तर वरच्या सुरांची थोडी चमक कमी करतो. कपड्यांनी भरलेलं उघडं कपाट, वादकामागे उभी केलेली कापसाची जाड गादी, जमिनीवर सतरंजी यांचा उपयोग कितीतरी जास्त होतो. खोल खर्ज यांनाही पुरता शोषता येत नाही, हेही खरं. तिथे जागा बदलणंच कामी येतं.

दुसरी चूक माइक साउंडहोलसमोर धरण्याची. गिटारच्या पोटातली हवा १०० हर्ट्झच्या आसपास घुमते आणि त्या छिद्रातून बाहेर पडते. शिवाय एकाच दिशेनं ऐकणारा माइक जवळ नेला की खर्ज आपोआप वाढवतो. दोन्ही फुगवटे एकत्र आले की नुसता ढबढबाट होतो. बाराव्या फ्रेटसमोर, २० ते ३० सेंटिमीटरवर, किंचित तिरका धरलेला माइक तारांचा झंकार आणि लाकडाचा नाद दोन्ही पकडतो. डायनॅमिक माइक खोलीचा आवाज घेतच नाही, हाही गैरसमज आहे. त्याला जवळ धरतात म्हणून तसं वाटतं. कोणत्या दिशेचा आवाज किती घ्यायचा हे प्रमाण आणि अंतर सारखं असेल, तर कंडेन्सरही तेवढीच खोली ऐकतो.

‘नंतर प्लगइननं दुरुस्त करू’ ही समजूतही टिकत नाही. इक्वलायझरनं ११० हर्ट्झ कापला तर खोलीच्या घुमाराबरोबर गिटारचा खरा ‘ए’ही पातळ होतो. गिटारला दोन माइक लावले आणि एक ३४ सेंटिमीटर जास्त दूर राहिला, तर त्याच्याकडे ध्वनी एक मिलिसेकंद उशिरा पोहोचतो. दोन्ही ट्रॅक एकत्र केले की ५०० हर्ट्झजवळ खड्डा पडतो, पुढे १५०० आणि २५०० वरही. नुसता इक्वलायझर चढवून ते खड्डे भरत नाहीत. शंका असेल तिथे गिटारला एकच माइक लावावा.

मोठा वाद्यवृंद किंवा ड्रम्स असतील तर स्टुडिओला पर्याय नाही. पण एक गळा आणि एक गिटार यांच्यासाठी घर पुरेसं आहे, आणि गळा व गिटार वेगवेगळे मुद्रित करण्याची सक्तीही नको. शब्दांबरोबर लय मागेपुढे होणारं गाणं एका बैठकीतच जिवंत राहतं. गळ्याचा माइक तोंडाच्या पातळीवर किंचित वर रोखलेला आणि गिटारचा खाली झुकवून तोंडाकडे पाठ केलेला ठेवला, की दोन्ही आवाज पुरेसे वेगळे येतात.