नगरपित्यांचे मुखदर्शन

लक्ष्मीपूजनाला हिशेबाच्या वह्या पुजायच्या हा आपला जुना रिवाज. तेव्हा ऐन फराळाच्या ताटावर मी हिशेबाची गोष्ट काढली, म्हणून घरच्या मंडळींनी नाक मुरडू नये. ज्यांच्या दारी घरपट्टीचे बिल येते, त्या सर्वांचाच हा हिशेब आहे.

आमच्या नगरपालिकेने यंदा भर चौकात एक भला थोरला दूरचित्रवाणीचा पडदा उभारला आहे. त्यावर सकाळपासून रात्रीपर्यंत नगरपित्यांच्या छब्या झळकतात. कोणी फीत कापतो आहे, कोणी नारळ फोडतो आहे, कोणी रोपाला पाणी घालतो आहे. रोपाला रोज पाणी मिळते हे पाहून खाली नळावर घागरी घेऊन उभ्या असलेल्या बायकांना त्या रोपाचा हेवा वाटतो, कारण आमच्या नळाला ते एक दिवसाआड येते. पडद्याचा उजेड मात्र असा लख्ख, की गटाराचे फुटके झाकणही रात्री स्पष्ट दिसते. पालिकेने दिवाबत्तीचे कर्तव्य बजावले, असे म्हणायला हरकत नाही!

आमच्या प्रभागाचे नगरसेवक माझे जुने विद्यार्थी. त्यांना मी हटकले, तर ते हसून म्हणाले, "गुरुजी, पुढारलेल्या देशांत हेच चालते. लोकांना माहिती नको का द्यायला? आणि खर्च तो केवढा! घरटी हिशेब केलात तर चार चहाचे पैसे!"

पुढारलेल्या देशाचे नाव निघाले ते बरेच झाले. माझा एक भाचा इंग्लंडात केंट परगण्यात राहतो, त्यामुळे तिकडची हकीकत मला ठाऊक आहे. शाळा, रस्ते, ग्रंथालये, म्हाताऱ्याकोताऱ्यांची देखभाल ही सारी कामे तिथल्या काउंटी कौन्सिलकडे असतात. या कौन्सिलने 2007 च्या सप्टेंबरात 'केंट टीव्ही' नावाची स्वतःची वाहिनी इंटरनेटवर सुरू केली. ती चालवण्याचा ठेका 'टेन आल्प्स' या कंपनीला दिला. 1985 साली गाण्याचा जलसा करून इथिओपियाच्या दुष्काळग्रस्तांसाठी पैसा उभा करणारा गायक बॉब गेल्डॉफ हा तिच्या संस्थापकांपैकी एक. पहिल्या दोन वर्षांची तरतूद सुमारे 14 लाख पौंड, म्हणजे तेव्हाच्या भावाने अकरा कोटी रुपयांच्या घरात. परगण्याची वस्तीही सुमारे तेवढीच, 14 लाखांची. माणशी पौंडभर पडला. तिकडचेही चार चहाच म्हणा ना! तरी करदात्यांनी कुरकुर केलीच, आणि 2010 च्या मार्चअखेर वाहिनीवर पडदा पडला.

चार चहाचे पैसे असतील तर ते मला परत द्या, माझा चहा मी पिईन. पण खर्चाहूनही मला दुसरी गोष्ट अधिक डाचते. ज्यांच्या कारभारावर प्रश्न विचारायचे, त्यांनीच आपल्या पैशाने स्वतःचा भोंगा लावायचा, आणि जे दोन-चार बातमीदार प्रश्न विचारतात त्यांची जाहिरात व वाचक तोडायचे, हा कुठला न्याय? इंग्लंडच्या सरकारला हे उमगले असावे. 2011 साली त्याने स्थानिक कौन्सिलांसाठी प्रसिद्धीची नियमावली केली. वृत्तपत्रासारखी पत्रके वर्षातून चारांहून अधिक वेळा काढू नका, असे तीत स्पष्ट बजावले.

दूरचित्रवाणीशी माझे वैर नाही. तसे कोणी म्हणेल म्हणून सांगतो, 1975 साली गुजरातेत खेडा जिल्ह्यात पीज गावी सरकारनेच प्रक्षेपक बसवला होता. गावोगावच्या सार्वजनिक संचांवर शेतमजुरीचे, शिवाशिवीचे, शेतीचे प्रश्न दिसत, आणि ते गावकऱ्यांच्याच तोंडून ऐकू येत. 1984 साली युनेस्कोने त्या प्रयोगाला पारितोषिक दिले. सरकारी पैसा तिथेही लागला. पण कॅमेऱ्यासमोर मजूर बसला होता. आमच्या चौकातल्या पडद्यावर नळावरची एकही बाई अजून आलेली नाही.

आमच्याकडे नगरपरिषदांचा 1965 चा कायदा आहे. रस्त्यांवरचे दिवे, गटारे, सफाई, पाणी ही आवश्यक कर्तव्ये त्यात एकेक करून लिहिली आहेत. ऐच्छिक कर्तव्यांची यादी वेगळी. आधी कोणती पुरी करायची, हे वर्गातल्या शेवटच्या बाकावरच्या मुलालाही कळेल. नगरसेवक पूर्वी त्याच बाकावर बसत.

पडदा कितीला पडला, निविदा किती आल्या, महिन्याचे वीजबिल कोण भरतो, असे तीन प्रश्न मी माहितीच्या अधिकारात विचारले आहेत. अर्जावर दहा रुपयांचे तिकीट लावले. उत्तराला मुदत तीस दिवसांची. त्यांपैकी अठरा उलटले. दरम्यान पडद्यावर दर पाच मिनिटांनी नगराध्यक्ष हात जोडून आम्हाला दिवाळीच्या शुभेच्छा देत आहेत, आणि आमच्या गल्लीत उद्या पाण्याचा दिवस नाही.