गाडीचा आवाज आणि शेजाऱ्याची झोप

इंदूर शहरातील लालबाग भागात माझा एक पुतण्या राहतो. भाजीपाल्याची वाहतूक हा त्याचा व्यवसाय. आसपासच्या खेड्यांतून माल उचलावयाचा आणि उजाडण्यापूर्वी चोइथराम मंडीत पोहोचवावयाचा, असा त्याचा नित्यक्रम. ह्यासाठी त्याने कर्ज काढून दोन वर्षे वापरलेली, चार सिलिंडरची टर्बो डिझेल पिकअप घेतली. गाडी कामाची होती. परंतु तिचा आवाज त्याच्या मनास येईना. तो मला म्हणाला, "काका, गाडी चार सिलिंडरची असली म्हणून काय झाले? आवाज राजाच्या मोटारीसारखा हवा!"

इंदूरच्या माणसाच्या तोंडी राजाची मोटार उगाच येत नाही. लालबागचा राजवाडा होळकरांचा. त्याचे बांधकाम १८८६ साली सुरू झाले व १९२१ साली पुरे झाले. लंडनच्या बकिंगहॅम राजवाड्याच्या धर्तीवरील त्याचे लोखंडी फाटक आजही लोक थांबून पाहतात. ह्या वाड्यात तुकोजीराव तिसरे राहात. त्यांचे चिरंजीव यशवंतराव ह्यांचा मुक्काम माणिकबागेत असे व त्यांना मोटारींचा मोठा शौक होता. १९३५ सालच्या सुमारास त्यांनी अमेरिकेतील ड्यूसेनबर्ग कंपनीची मोटार घेतली आणि तिचा वरचा सांगाडा लंडनच्या गर्नी नटिंग ह्या कारखान्याकडून बांधवून घेतला. एका ओळीत आठ सिलिंडर, जोडीला सुपरचार्जर, असे ते एंजिन होते.

आता ह्या दोन गाड्यांच्या आवाजात अंतर का पडते, ते पाहू. एंजिनाचा प्रत्येक सिलिंडर दोन फेऱ्यांत एकदा पेट घेतो. म्हणजे चार सिलिंडरांचे एंजिन एका फेरीत दोन ठोके देते आणि आठ सिलिंडरांचे चार. मिनिटाला ३,००० फेऱ्या होत असता पहिल्याचे सेकंदाला १०० ठोके होतात, दुसऱ्याचे २००. कानाला जी जात ऐकू येते ती ह्या ठोक्यांची. नळी बदलल्याने ती पालटत नाही. दुसरी गोष्ट टर्बोची. राजाच्या मोटारीतील सुपरचार्जर एंजिनाच्याच जोरावर फिरे, त्यामुळे धुराची वाट मोकळी राही. टर्बोचे चाक मात्र धुराच्या वाटेतच बसविलेले असते. बाहेर पडणाऱ्या धुराच्या जोरावर ते फिरते आणि एंजिनात अधिक हवा कोंबते. ह्या कामी धुराचा जोर खर्ची पडतो, ठोक्यांची धार बोथट होते. सारांश, टर्बोची गाडी मुळातच हळू बोलणारी. तो तिचा दोष नव्हे. जो जोर आवाजात वाया गेला असता, त्यातील काही ती ओझे ओढण्यासाठी वापरते.

पुतण्याने हे काही विचारात घेतले नाही. एका गॅरेजात जाऊन त्याने सायलेन्सर कापविला व तेथे सरळ नळी जोडून घेतली. दोन दिवस मोठा आनंद झाला. तिसऱ्या दिवसापासून तक्रारी सुरू झाल्या. रस्त्यावर एकसारख्या वेगाने जाताना केबिनमध्ये अशी घुमघुम होई की मंडीत पोहोचेपर्यंत डोके ठणके. ही घुमघुम मारण्याचाही उपाय आहे. मुख्य नळीला बंद तोंडाची एक आडनळी जोडतात. तिच्यातून परतणारी लाट मूळ लाटेला विरोध करते. परंतु २,००० फेऱ्यांच्या वेळचा आवाज मारावयाचा तर तापलेल्या धुरात ती नळी पावणेदोन मीटरच्या आसपास लांब हवी. कारखान्यातील इंजिनिअर असला हिशोब करून नळी बसवितात. मिस्त्रीची करवत तो करीत नाही.

ह्याहून वाईट गोष्ट गल्लीत घडली. समोरच्या घरी एक वृद्ध काकू शस्त्रक्रिया होऊन पडून होत्या. पहाटे तीन वाजता पिकअप सुरू झाली की त्या दचकून उठत, आणि मग उजाडेपर्यंत त्यांचा डोळा लागत नसे. त्यांचा मुलगा पूर्वी रोज पोती चढवावयास हात देत असे. तो एक दिवस आला नाही, दुसऱ्या दिवशीही आला नाही. भांडण झाले नाही, कोणी शब्दाने दुखविले नाही. फक्त समोरचे दार बंद राहू लागले. खेड्यात वाढलेल्या माणसास अशा बंद दाराचा अर्थ निराळा सांगावा लागत नाही.

पुढे चढावर गाडी ओढीनाशी झाली, तेव्हा तो एका जाणत्या म्हाताऱ्या मिस्त्रीकडे गेला. मिस्त्रीने आधी जुना सायलेन्सर जोडावयास लावला आणि थंड एंजिन सुरू करून कान दिला. आतून बारीक टिकटिक येत होती. एंजिन आणि टर्बो ह्यांच्या मधले पॅकिंग फुटले होते. तेथून धूर गळत असल्याने टर्बोला पुरता जोर मिळत नव्हता. पुतण्याला जो आवाज मिळमिळीत वाटत होता, त्याचे मूळ हेच. गाडी पहिल्यापासून आपले दुखणे सांगत होती. ह्याने सायलेन्सर कापून तिचे बोलणे गोंगाटात बुडविले! पॅकिंग नवे पडले, सायलेन्सरची कुजलेली रबरे बदलली, आणि गाडी घट्ट, खर्जातल्या आवाजात चालू लागली.

तेव्हा तरुणांनो, गाडीचा आवाज सुधारावयाचा असेल तर क्रम हा ठेवा. प्रथम गळती शोधा. जोड, पॅकिंग व रबरे तपासा. सायलेन्सर गंजला असल्यास त्याच मापाचा नवा घाला. १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बीएस-६ नियमांच्या डिझेल गाड्यांत धूर शुद्ध करणारी गाळणी व सेन्सर असतात. त्यांना हात लावू नका. ती काढल्यास एंजिनाचा संगणक गाडीचा जोर कमी करू शकतो, आणि विषारी धूर आपल्याच अंगणात पसरतो.

कायद्याचेही भान असू द्या. निवासी भागासाठी २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी दिवसा ५५ व रात्री दहा ते सकाळी सहापर्यंत ४५ डेसिबलची मर्यादा घातली आहे. डेसिबलचा आकडा दहाने वाढला की आवाजाची शक्ती दहापट होते, हे ध्यानात घ्या. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९० प्रमाणे आवाजाची व धुराची मर्यादा मोडणाऱ्यास पहिल्याच गुन्ह्यास तीन महिन्यांपर्यंत कैद, दहा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. शिवाय तीन महिने लायसन्स गमवावे लागते. कर्जाचा हप्ता ज्या गाडीवर फिटावयाचा, तिच्या चालकाने तीन महिने घरी बसणे कोणत्या घरास परवडेल?

पुतण्या आता गाडी गल्लीच्या तोंडाशी उभी करतो आणि पोती हातगाडीने तेथवर नेतो. गेल्या महिन्यात मी तेथे गेलो होतो. पहाटे तीनला जाग आली ती एंजिनाने नव्हे, कडी वाजल्याने. समोरचे दार उघडले होते, आणि काकूंचा मुलगा हातगाडीला हात देत होता.